बुधवारचं घर

स्वारगेटला महाडच्या एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा माझ्या मनात एकच प्रार्थना चालू होती : देवा, तिकडे हिला कुणीही ओळखू नये.

'ही' म्हणजे ओदेत भिकाजी. मॉरिशसची कादंबरीकार, वय बासष्ट, डोक्यावर वेताची टोपी आणि पायात माझ्यापेक्षा चांगले बूट. 'तिकडे' म्हणजे पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या वर, डोंगरात असलेली सातघर नावाची वाडी. ओदेतचे खापरपणजोबा भिकाजी तिथून ऊस तोडायला म्हणून जहाजाने मॉरिशसला गेले. तिथल्या कारकुनाने आडनावाच्या भानगडीत न पडता 'भिकाजी, उमरठ, सातघर' एवढंच खरडलं आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव भिकाजी झालं. ओदेतचे वडील या घराण्यातले. आई क्रेओल, म्हणजे त्या बेटावरच्या आफ्रिकी-फ्रेंच मिसळीतली. शाळा फ्रेंच, शेजारी तमिळ, नवरा (होता तोवर) पॅरिसचा. मराठी चार शब्द, तेही आजीकडून आलेले.

आता प्रार्थनेचा खुलासा करते, नाहीतर पहिल्याच पानावर तुम्ही मला दुष्ट ठरवाल. मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि भाषांतरं करते. फ्रान्सच्या बाहेरच्या लोकांनी फ्रेंचमध्ये लिहिलेलं साहित्य हा माझा खास प्रांत. त्यातली माणसं कायम दोन डगरींवर पाय ठेवून उभी असतात आणि माझ्यासारख्यांचं पोट त्यावर चालतं. ओदेतच्या नव्या कादंबरीचं भाषांतर मी दोन वर्षं घासून केलं होतं. फ्रेंच आणि मराठी पुस्तक एकाच महिन्यात निघावं हा तिचाच हट्ट. शेवटच्या प्रकरणात नायिका पूर्वजांच्या गावी येते, तिला कुणीच ओळखत नाही, एक कुत्रं तिच्यावर भुंकतं आणि ती आल्या पावली परत फिरते. ना इथली, ना तिथली.

त्यावर मी अकरा पानी प्रस्तावना लिहिली होती. तिचा कणा म्हणजे बुधवार. कादंबरीतली आजी दर बुधवारी संध्याकाळी खिडकीत दिवा लावते. का लावते ते तिलाही माहीत नसतं. (ही रीत ओदेतच्याच घरातली, पाच पिढ्या चालत आलेली.) मी सिद्ध केलं होतं, की बुधवार हा आठवड्याचा मधला वार, ना सुरुवातीचा ना शेवटचा, म्हणून तो संकरित अस्मितेचं प्रतीक. हे सुचलं त्या दिवशी मी स्वतःसाठी श्रीखंड आणलं होतं.

ओदेत भारतात कधीच आली नव्हती. ते प्रकरण तिने घरी बसून कल्पनेने लिहिलेलं. पुस्तक छपाईला जायला दोन आठवडे राहिले आणि तिचा फोन आला. "मी येतेय. मला ते गाव बघायचंय. तिथे कुणी मला आपलं म्हटलं, तर शेवटचं प्रकरण खोटं. मी ते फाडून टाकणार."

म्हणून प्रार्थना.

एसटी भोरवरून वरंधा घाटात शिरली. ओदेत खिडकीशी बसून, मांडीवर मुद्रितांचा (प्रुफांचा) गठ्ठा ठेवून बाहेर बघत होती. "पॅरिसमध्ये मला मॉरिशसची म्हणतात," ती म्हणाली, "मॉरिशसमध्ये पॅरिसवाली म्हणतात आणि पुस्तकांच्या दुकानात मला नारळाच्या झाडांच्या फोटोंशेजारी ठेवतात. मला 'तू कुठली' असं विचारलं की मी एक कादंबरी लिहिते. आता लिहून लिहून कंटाळा आला गं." ती हसत होती, पण गठ्ठ्यावरचे तिचे हात काही हसत नव्हते.

वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली. कांदाभजी खाऊन ओदेत खूष झाली. त्यांच्याकडे गातो पिमां म्हणून डाळ-मिरचीची भजी असतात, त्यांची ही चुलत बहीण आहे असं तिने जाहीर केलं. एवढ्यात एक माकड खिडकीच्या गजांतून हात घालून तिच्या गठ्ठ्यातली वरची पानं घेऊन पसार झालं. शेवटचं प्रकरणच वर होतं. माकडाने दरीच्या कठड्यावर बसून पहिलं पान हुंगलं, दुसऱ्याची कड चावली आणि सगळं टाकून देऊन कुणाच्या तरी भज्यांकडे वळलं. "पहिला समीक्षक," ओदेत म्हणाली. कंडक्टरने बिचाऱ्याने पानं गोळा करून आणून दिली, तेव्हा तिने त्याच्याकडे बघून हात जोडले आणि प्रेमाने म्हणाली, "मेर्सी, मेल्या."

कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खालच्या आवाजात ओदेतला विचारलं, हे कुठून शिकलीस? तर म्हणे आजी सगळ्यांना म्हणायची : नवऱ्याला, मुलांना, पोस्टमनला. जितकं प्रेम जास्त तितक्यांदा. ओदेतला मराठीतला सगळ्यात गोड शब्द तोच वाटायचा. मी कंडक्टरला एवढंच सांगितलं, की बाई लांबून आल्यात.

"ते दिसतंयच," तो म्हणाला आणि महाड येईपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही.

महाडला लॉजवर वही पुढे आली. मॅनेजर काळजीने लिहिणारा माणूस होता. ओदेतने 'मूळ गाव' या रकान्याचा अर्थ माझ्याकडून समजावून घेतला, चष्मा लावला आणि लिहायला बसली. मॉरिशस लिहिलं. मग आईकडून आफ्रिका, पण नक्की कुठली बाजू माहीत नाही. मग मधली वीस वर्षं पॅरिस. मग प्रश्नचिन्ह घालून उमरठ. रकाना ओलांडून ती 'किती दिवस राहणार'मध्ये शिरली.

"मॅडम, रकाना एवढासाच आहे," मॅनेजर कळवळून म्हणाला. "एकच काहीतरी लिहा."

मी त्याला सगळी कहाणी सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "म्हणजे मुंबईकर. गाव इकडे आणि माणूस भलतीकडे, तो आमच्याकडे मुंबईकर. सुरतेला असला तरी मुंबईकरच." आणि त्याने ओदेतच्या निबंधावर आडवी रेघ मारून स्वच्छ अक्षरात तसं लिहिलं. मी वीस वर्षं शिकवलेला विषय त्या माणसाने एका शब्दात आवरला होता. मला त्याचा थोडा रागच आला.

संध्याकाळी सावित्रीकाठी गेलो. ओदेतच्या कादंबरीत या नदीत पांढरी कमळं आहेत. प्रत्यक्षात पलीकडच्या वाळूवर एक मगर जबडा उघडा टाकून निवांत पडली होती. काठावरचे लोक तिच्याकडे घरच्या म्हशीकडे बघावं तसं बघत होते. "कमळं खोडावी लागणार," ओदेत पुटपुटली. कमळांपासून सुरुवात झाली की शेवटचं प्रकरण फार लांब नव्हतं.

मंगळवारी सातघरला जायचं ठरलं होतं. मी डाव टाकला. म्हटलं, आधी दासगाव बघू या, भिकाजी बोटीत बसले असतील ते तिथूनच. वाडी काय, पळून जात नाही. माझा हिशोब असा, की ऊन लागेल, पाय दुखतील आणि बाई उद्या म्हणतील, चला परत पुण्याला.

दासगावला खाडीच्या धक्क्यावर एक म्हातारबाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. ओदेतच्या सांगण्यावरून मी विचारलं, पूर्वी इथून परमुलखाला माणसं जायची का?

"जायची की," बाबा म्हणाले. "माझा आजा पन बसला व्हता बोटीत. बाणकोटच्या म्होरं गेला नि उलट्या लागल्या. उतरला नि चालत परत आला."

"मग पुन्हा नाही गेले?"

"नाय. म्हनून तर मी हितं हाय. त्याला उलटी झाली नसती तर मी पन त्यांच्यावानी टोपी घालून हिंडलो असतो."

हे मी फ्रेंचमध्ये सांगितलं तेव्हा ओदेत धक्क्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिने डोळे पुसले. "म्हणजे माझ्या भिकाजीचं पोट चांगलं होतं," ती शेवटी म्हणाली. "एवढाच फरक." मी मनातल्या मनात प्रस्तावनेतलं नियतीवरचं पान चार काढून टाकलं. ऊन लागलं ते मला, पायही माझेच दुखले. बाई दुसऱ्या दिवशी पहाटे तयार होऊन बसल्या होत्या.

पोलादपूरहून मिनीडोर (सहा आसनी रिक्षा, आम्ही त्यात दहा जण आणि एक कोंबडी) उमरठला पोचली. तिथून वर पायवाट. भातं कापून झाली होती, खाचरांत पेंढ्याच्या गंज्या उभ्या होत्या आणि वरच्या उतारावर नाचणीची कणसं खुडायचं काम चालू होतं. दोन तास चढलो. ओदेत माझी पिशवीही घेऊन पुढे, मी मागे धापा टाकत.

वाडीत शिरताना पहिल्यांदा कुत्रं दिसलं. मी आशेने त्याच्याकडे बघितलं. भुंक, बाबा, भुंक. पुस्तकात भुंकलंयस. पण ते शेपूट हलवत आलं, ओदेतचे बूट हुंगले आणि आमच्या पुढे वाट दाखवत चालायला लागलं.

पहिल्या घरासमोर एक म्हातारी नाचणी वाळत घालत होती. हौसाबाई. सत्तरीच्या पुढची, पाठ वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. आम्हाला बघून हातही न थांबवता तिने विचारलं, "कोनाच्या घरच्या गो?"

तुम्ही कोण, कुठल्या, काय काम काढलंत, काही नाही. फक्त कुणाच्या घरच्या. मी सगळं सांगितलं. मॉरिशस सांगितलं.

"मुंबईच्या म्होरं का?"

"बरंच म्होरं."

"आनि नाव काय म्हनलीस? भिकाजी?" तिने शेजारच्या अंगणात पेंढा रचणाऱ्या पुतण्याला हाक मारली. "शंकर! भिकाजी कोन व्हता का रे आपल्यात?"

चाळिशीचा शंकर गंजीवरून उतरून आला. बराच विचार करून म्हणाला, "नाय काकी. भिकाजी कोनीच नाय. पार आज्याच्या आज्यापर्यंत नाय."

देव माझं ऐकत होता तर! मी मोठ्या मुश्किलीने चेहरा सरळ ठेवून ते उत्तर ओदेतला दिलं. तिने मान हलवली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "मी लिहिलंच होतं तसं." तिने टोपी काढली आणि पायरीवर बसली. एवढ्या सगळ्या प्रवासात ती पहिल्यांदा बासष्ट वर्षांची दिसली आणि मला स्वतःची लाज वाटली. म्हणजे थोडी. प्रस्तावना बचावल्याचा आनंद अजून होताच.

हौसाबाईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ठेचा. ओदेतने तीन भाकऱ्या खाल्ल्या. आम्ही त्यांच्या कुणीच नव्हतो हे एव्हाना ठरलेलं होतं, त्याचा भाकरीवर काही परिणाम झाला नाही. जेवण झाल्यावर ओदेत शेळ्यांना बघायला गेली. ऊन कलायला लागलं, तशी हौसाबाई तेलाची बाटली घेऊन उठली. समोर काळकाईचं बैठं देऊळ होतं.

"आज कोनाचा वार रे?" तिने शंकरला विचारलं.

"आज कोनाचा नाय. मीच लावतो."

मी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की वार म्हणजे काय?

शंकरने समजावून सांगितलं. "आवो ताई, वाडीची मूळ घरं सात. देवीचा दिवा सात घरांत वाटलाय, येका घराला येक वार. काकीचं घर सोमवार. मी शुक्रवार. तो वरचा पांडू शनिवारचा, ती मानसं जरा तिरकीच. आमी वारानंच वळखतो येकमेकास्नी."

"आणि आज?"

"त्या घरातलं कोनी उरलं नाय. कवाच्या काळी पान्यापल्याड गेलेत म्हनत्यात. नाव पन कोनाला ठावं नाय." त्याने फणसाच्या झाडाखालचं गवताने भरलेलं जोतं (घराचा चौथरा) दाखवलं. "ते बगा, बुधवारचं घर. त्यांचा वार कोनी घेत नाय. ज्याला सवड आसंल तो लावतो, पन त्यांच्या नावानं."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मंगळवारी आलो असतो तर हे मला कधीच कळलं नसतं. माझ्याच डावाने आम्ही बुधवारी आलो होतो.

ओदेत अंगाला शेळीचे केस लावून परत आली. "काय सांगतायत?"

"पाऊस बरा झाला म्हणतायत," मी म्हटलं.

दोन वर्षं मी या बाईचा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आणि आता हे. पण विचार करा, त्या देवळापाशी दोन्ही भाषा कळणारी मी एकटी होते. मी तोंड बंद ठेवलं असतं तर प्रकरण वाचलं असतं, प्रस्तावना वाचली असती, छपाई वेळेवर झाली असती. कुणाला कधी कळलंही नसतं.

ओदेतने घड्याळ बघितलं. मग आकाश बघितलं. पर्समधून काडेपेटी काढली. "आज बुधवार आहे," ती म्हणाली. "मी अजून एकही चुकवलेला नाही. एकदा हॉटेलात आगीची घंटा वाजली तरी नाही. इथे लावलेला चालेल का, विचारशील? मी इथली नाही, म्हणून विचारून घे. नसेल चालत तर खाली रस्त्यावर जाऊन लावीन."

मी इथली नाही, म्हणून विचारून घे. मी तांब्या खाली ठेवला आणि सांगून टाकलं. आधी मराठीत, हौसाबाईला : यांच्या घरात पाच पिढ्या दर बुधवारी दिवा लावतात, का ते त्यांना माहीत नाही. मग फ्रेंचमध्ये, ओदेतला : पावसाचं खोटं होतं. ते जोतं बघ.

फ्रेंचमधलं वाक्य पुरं व्हायच्या आत ओदेत फणसाखाली पोचली होती. तिने बूट काढले आणि अनवाणी त्या गवतात उभी राहिली. ती रडत होती आणि मीही रडत होते. मी थोडी प्रस्तावनेसाठीही रडत होते, ते कबूल करते.

वाडीतल्या लोकांना मात्र रडण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. नाव तिकडे गेलं, वार इकडे राहिला, आता दोन्ही एका ठिकाणी आली, ठीक झालं. मी शंकरला विचारलं, पण हे नक्की ना? पुरावा म्हणून?

"बुधवारची म्हनते, बुधवारी आली, दिवा लावते," शंकर म्हणाला. "आनि काय पायजे?"

हौसाबाई तेवढ्यात कुरकुरायला लागली होती. "मंग इतकी वर्सं व्हतीस कुठं? चल, दिवस मावळतोय." ओदेत देवळात गेली, वात पेटवायला लागली, तर वाऱ्याने काडी दोनदा विझली. "आगो पदर धर, आडोसा कर! मेले, इतकं पन येत नाय?" हौसाबाई ओरडली.

ओदेत वळून तिच्याकडे बघत राहिली. त्या वाक्यातला एकच शब्द तिला कळला होता. पण आवाज आजीचाच होता, चाल तीच होती. तिने टोपीचा आडोसा केला आणि तिसऱ्या काडीला दिवा लागला.

मुक्काम अर्थातच हौसाबाईकडे झाला. सकाळी निघताना शंकरने खरा प्रश्न काढला. "म्होरल्या बुधवारी कोन?"

शनिवारी ओदेतचं विमान होतं. अंगणात बैठक बसली. सापडलेला वार पुन्हा मोकळा ठेवायचा हे कुणाला पटेना. शनिवारच्या पांडूने दोन-तीन तिरके उपाय सुचवले. शेवटी हौसाबाईने माझ्याकडे बोट केलं. "ही बोलते ना तिच्या नावानं? मंग तिच्या नावानं दिवा पन लावंल."

"अहो, मी फक्त भाषांतर करते," मी म्हटलं. "मी पुण्याची."

"पुनं काय, जवळ हाय. ती बग कुठनं आली." बरीच घासाघीस होऊन ठरलं, की महिन्यातून एक बुधवार माझा, बाकीचे वाडी बघेल. हे मी ओदेतला फ्रेंचमध्ये सांगितलं तेव्हा तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मेर्सी, मेले." रूप या वेळी बरोबर होतं. रात्रभरात तेवढी शिकली होती.

पोलादपूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना तिने मुद्रितांच्या पाठच्या कोऱ्या बाजूंवर नवं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. त्यात कुत्रं भुंकत नाही. नदीत मगर आहे. छपाई दीड महिना पुढे गेली, प्रकाशक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत आणि अकरा पानी प्रस्तावना अर्ध्या पानाची झाली. त्या अर्ध्या पानात मी एवढंच लिहिलंय, की बुधवार हे कशाचंही प्रतीक नाही. तो त्यांचा वार आहे.

या गोष्टीला आता वर्ष होईल. माझे बारातले दोन बुधवार चुकले, एकदा तापामुळे आणि एकदा घाट बंद होता म्हणून. दोन्ही वेळा हौसाबाईने फोनवर माझा उद्धार केला. मी वाडीत शिरले की ती आत सुनेला हाक देते, "बुधवार आला गो, चहा टाक!" माझं खरं नाव तिथे कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नावाने बोलत आले, पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात राहिले. पण त्या वाडीत मला कुणी वाट चुकलेली पाहुणी समजत नाही, आणि हे मला किती हवं होतं ते मला शंभर मैल चढ-उतार केल्याशिवाय कळलं नव्हतं.

गेल्या महिन्यात दिवा लावून परतताना पुण्याची गाडी चुकली आणि महाडला त्याच लॉजवर उतरले. मॅनेजरने वही पुढे केली. 'मूळ गाव'पाशी मी पेन टेकवलं. पन्नास वर्षं मी तिथे न थांबता 'पुणे' लिहीत आले आहे. या वेळी 'पुणे' लिहिलं आणि हात उचलेना. शेवटी पुढे कंस करून बारीक अक्षरात लिहिलं : बुधवारी सातघर.

मॅनेजरने वही फिरवून घेतली, वाचलं, आणि आडवी रेघ मारायला पेन उचललं. मग माझ्या हातांकडे बघितलं. बोटांना अजून तेल आणि काजळी होती.

त्याने पेन खिशाला लावलं आणि किल्ली दिली.